गवताची ड्यूटी

ब्रह्मदेशातून आमची खेचर कंपनी परत आली तेव्हा लढाई चालूच होती. मला हिवताप जडला होता. बरा झाल्यावर पुन्हा फ्रंटला पाठवतील म्हणून मी सामान बांधून बसलो होतो. ऑर्डर आली ती वेगळीच. सातारा जिल्हा, पाटण तालुका, कोयनेच्या वरचा डोंगर. काम गवताचं.

मी हवालदार यशवंत. गाव कृष्णाकाठी, वाळवा तालुक्यात. तो तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता, म्हणजे माझी बदली माझ्याच जिल्ह्यात झाली होती. घरी कळलं तेव्हा आईनं मारुतीला नारळ फोडला.

शाळेतली मुलं झेंडावंदनाला मला बोलावतात आणि म्हणतात, आबा, लढाईचं सांगा. ब्रह्मदेशातलं मी थोडं सांगतो. पण माझ्या सगळ्या नोकरीत मी खरा कोंडला गेलो तो आपल्याच डोंगरावर. तिथं शत्रू नव्हता. एक गोळी सुटली नाही.

पलटणीतल्या खेचरांना बारमाही वाळलं गवत लागायचं. ते सह्याद्रीच्या माथ्यावरून यायचं. आम्हा कृष्णाकाठच्या माणसांना सह्याद्री म्हणजे मावळतीला दिसणारी निळी रेघ. ऊसवाल्याला डोंगराशी काय काम? वर गेल्यावर पहिल्यांदा कळलं, माथा म्हणजे शिखर नव्हे. वर सपाट सडा असतो, मैलच्या मैल. खाली जांभा दगड, त्यावर वीतभर माती. पावसाळ्यात त्या वीतभर मातीत कमरेएवढं गवत येतं. दिवाळीनंतर ते वाळतं. फाल्गुनात नुसतं उभं असतं आणि वारा आला की खसखसतं.

लांबून हा डोंगर ओसाड दिसतो. तसा तो नव्हता. माथ्यावर गवळी धनगर म्हशी राखायचे आणि तूप खाली बाजाराला न्यायचे. उतारावरचे लोक झाडोरा तोडून, जाळून तिथं नाचणी आणि वरी पेरायचे. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून दुसरा धरायचे. थंडीत बायका हिरडा वेचायच्या. कोकणातून मिठाचे आणि सुक्या मासळीचे बैल घाटानं वर चढायचे. त्यात आमची भर पडली. आम्ही गवत कापवून घ्यायचो, हातानं चालणाऱ्या प्रेसमध्ये दाबून त्याचे गठ्ठे बांधायचो आणि खेचरांवर लादून खाली कोयनेकाठच्या बेस कॅम्पला पाठवायचो. तिथून ट्रकनं कराड स्टेशन.

आमची पोस्ट सड्याच्या पश्चिम टोकाला होती. तिथं डोंगराची एक सोंड कोकणाकडं पुढं आली आहे. तिन्ही बाजूंना कडा. सड्याला ती जोडलेली आहे एका चिंचोळ्या मानेनं, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढ्याच रुंदीच्या. खाली उतरणारी वाट मानेच्या पलीकडून सुटायची, म्हणून गठ्ठ्यांच्या थप्प्या आम्ही मानेवरच रचल्या होत्या. राहायचो मात्र सोंडेच्या टोकाला, कारण पाणी तिथं होतं. जुन्या चौकीचे पडके दगड आणि कातळात खोदलेलं एक टाकं. आत उतरायला पायऱ्या, छताला दगडाचे खांब. उन्हाळ्यात पाणी कमरेएवढं राहायचं.

पहिल्याच दिवशी शिपाई गणपत कड्यापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "हवालदार, ही जागा म्हंजी बाटली हाय. बूच बसलं की संपलं."

मी म्हणालो, "बूच कोण बसवतंय हितं? जपानी?"

सगळे हसले. पण जागेची भीती माझ्याही मनात होती. संध्याकाळी कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसायचं, हिरवंगार, जवळ. तिथं जायला वाट नव्हती. मागं वळलं की तीच मान. माणसाला रोज एकाच दारातून ये-जा करावी लागली की त्याचं लक्ष दारावरच राहतं.

माझ्याबरोबर लान्सनायक बिरा होता, आणि गणपत, मारुती, रामू हे शिपाई. बिरा आटपाडीकडचा धनगर. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. त्याच्या बापाची मेंढरं. पाऊस नाही, गवत नाही, वर्षातले आठ महिने कळप घेऊन मुलूखभर हिंडायचं, असल्या घरातला गडी. उंच, काटक, बोलणं कमी. खेचर कितीही बिथरलं तरी बिरा जवळ गेला की शांत व्हायचं. ब्रह्मदेशात चिखलाच्या उतारावर आमची जनावरं दरीत जायची, त्याचं एकही गेलं नाही.

सड्यावरचं गवत पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो त्यात कमरेपर्यंत शिरला आणि उभाच राहिला.

"काय रं?" मी विचारलं.

"लय हाय, हवालदार," तो म्हणाला. "आमच्याकडं एवढ्यात चार गावं जगतील."

सोंडेवर आमच्याशिवाय एकच घर होतं. बाबू झोरे नावाचा गवळी धनगर, त्याची म्हातारी आई, बायको सखू आणि तिच्या अंगावरचं पोर. गवतानं शाकारलेलं खोपट, त्यालाच लागून जनावरांचा गोठा. म्हशी आणि रेडकं. घर मान आणि टाकं यांच्या मधोमध होतं. त्यांचं पाणीही आमच्याच टाक्यातलं. बिरा संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसायचा. मीही कधी जायचो.

एकदा बिरा म्हणाला, "बाबूदा, लढाई संपली की म्हाताऱ्याला सांगतो, मेंढरं घिऊन हिकडंच या."

बाबू हसला. "नगो आनू. हितला पाऊस बघितला न्हाईस तू. मेंढराचं खूर कुजून जातंय. हितं म्हसच टिकती."

"आन् आमच्याकडं म्हस टिकत न्हाई."

"मग? ज्याचा डोंगूर त्याला."

म्हातारीला कानानं कमी ऐकू यायचं. ती बिराला दर वेळी विचारायची, तू कुणाचा? तो दर वेळी बापाचं नाव सांगायचा. दोघांच्या कुळाचे धागे कुठं जुळत नव्हते, देव वेगळे, बोली वेगळी. तरी तिनं त्याला ताक दिल्याशिवाय कधी उठू दिलं नाही.

वणव्याची धास्ती आम्हा सगळ्यांना होती. बाबू आणि आम्ही मिळून थप्प्यांभोवती गवत कापून, जाळून मोकळा पट्टा केला होता. बेस कॅम्पच्या सुभेदार साहेबांनी वर येऊन तो बघितला आणि ठीक आहे म्हणाले. साधा वणवा असता तर तो पट्टा पुरला असता.

त्या दिवशी सकाळी खेचरं पाण्याला टाक्यावर आणली होती. फाल्गुन संपत आला होता. सड्यावर सकाळचा वारा देशाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. दुपारनंतर तो फिरतो आणि समुद्राकडून येतो. त्या सकाळी पूर्वेचा वारा जोराचा होता आणि गरम होता. खेचरांनी तोंडं वर केली, कान टवकारले. बिरानं मानेकडं बघितलं.

"हवालदार, धूर."

सड्यावर पिवळा धूर उठला होता. धूर आम्ही रोज कुठं ना कुठं बघायचो. हा रुंद होता आणि जमिनीलगत होता. कुणाची चूल, कुणाची चिलीम, मध काढणाऱ्यांची मशाल, आग कशानं लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी गणपतला बरोबर घेतलं आणि मानेकडं पळत निघालो. झोऱ्याच्या घरापर्यंत पोचलो तोवर ज्वाळा दिसायला लागल्या. वाळलेल्या गवतातली आग चालत नाही, धावते. जळती गवताची झुबकी वाऱ्यावर उडून पुढं पडत होती, आणि जिथं पडतील तिथं नवी आग. आमच्या मोकळ्या पट्ट्यावरून ती तशीच उडून आली. बघता बघता पहिली थप्पी पेटली.

दाबलेल्या गवताच्या गठ्ठ्याला आग लागली की तिचा आवाज वेगळा असतो. घुमल्यासारखा.

बूच बसलं होतं.

मी बाबूला ओरडून सांगितलं, "माणसं टाक्यावर आणा! लगेच!" आणि आम्ही मागं फिरलो. तंबूत फील्ड टेलिफोन होता. हँडल फिरवलं. बेस कॅम्पवर स्वतः सुभेदार साहेब होते.

"बोल."

"साहेब, वणवा. मानेवर आलाय. वाट बंद."

"गवत?"

"गेलं, साहेब."

"माणसं?"

"सगळी सोंडेवर. खेचरंही. धनगराचं घर आहे."

"उतरायला दुसरी वाट?"

"नाही, साहेब."

"मग..."

लाइन तुटली. तार मानेवरूनच गेली होती. त्या 'मग'च्या पुढं साहेबांना काय म्हणायचं होतं, ते मी खूप दिवसांनी विचारलं. ते म्हणाले, मलाही ठाऊक नव्हतं.

आता जे करायचं ते आमचं आम्ही. टाक्याभोवतीचं गवत आमच्या हातानं पेटवून दिलं. पूर्वेच्या वाऱ्यानं ती आग आमच्यापासून पश्चिमेला कड्यापर्यंत गेली आणि तिथं संपली. काळी, गरम, पण मोकळी जागा झाली. खेचरं त्या जागेत आणली, चौकीच्या दगडांना आखूड बांधली, त्यांच्या डोळ्यांवर ओली पोती टाकली. बिरानं एकेकाच्या मानेवर हात ठेवून हे काम केलं. त्याला घाई आहे असं वाटत नव्हतं.

सखू पोराला छातीशी धरून धावत आली. तिच्यामागं बाबूच्या मोठ्या म्हशी आल्या, आपल्याआप, पाण्याच्या वासानं. गणपतनं सखूला टाक्यात उतरवलं. बाबू दिसत नव्हता. घरापासून इकडं यायच्या वाटेवर धूर दाटला होता. मग तो दिसला. पाठीवर म्हातारी, घोंगड्यात गुंडाळलेली. तो ठेचकाळत होता. बिरा पुढं धावला. मी त्याच्यामागं.

आम्ही गाठलं तेव्हा म्हातारी बाबूच्या पाठीवर हात मारत होती.

"रेडकं!" ती ओरडली. "रेडकं बांधल्यात रं!"

दूध पिऊ नयेत म्हणून रेडकं आतल्या बाजूला दाव्यानं बांधून ठेवतात. बाबू थबकला. वळायला लागला. बिरानं त्याच्या छातीवर हात लावला आणि त्याला टाक्याकडं ढकललं.

"तुमी आईला न्या."

"बिरा!" मी हाक मारली.

त्यानं कमरेचा सुरा काढला होता. "बांधलेली हाईत, हवालदार," तो म्हणाला. "सुटली की आलोच."

घर अजून पेटलं नव्हतं. आग तिथून बरीच मागं दिसत होती. मला वाटलं, वेळ आहे. त्यालाही तसंच वाटलं असणार. मी म्हातारीचे पाय धरले, बाबूनं खांदे, आणि आम्ही तिला टाक्यात उतरवलं. पायऱ्या चढून परत वर आलो. तेवढ्यात घराच्या छपरावर एक जळतं झुबकं पडताना मी बघितलं. छप्पर एकदम पेटलं. मग धूर आला आणि मला घर दिसेनासं झालं.

मी त्या दिशेनं चाललो. श्वास घेता येईना. कुणीतरी मागून पट्टा धरून ओढलं. तो गणपत होता. त्यानं मला पायऱ्यांवरून खाली पाण्यात पाडलं आणि टाक्याच्या तोंडावर ओलं घोंगडं आडवं धरलं.

टाक्यात कमरेपर्यंत पाणी, वर दगडाचं छत, डोक्याला लागेल असं. सगळे एकमेकांना चिकटून. बाबूनं म्हातारीला खांबाला टेकवून धरलं होतं. पोर रडत होतं, मग खोकायला लागलं, मग गप्प झालं. सखू त्याच्या तोंडावर ओला पदर धरून सारखी म्हणत होती, "हाय, जीव हाय, जीव हाय." बाहेर आवाज होता तो पुराच्या पाण्यासारखा. खेचरं खिंकाळत होती. तोंडावरचं घोंगडं वाळायला लागलं की गणपत ते बुडवायचा आणि पुन्हा धरायचा. त्याचे हात भाजत होते, त्यानं सांगितलं नाही.

मी ब्रह्मदेशात खंदकात दिवस काढले आहेत. तिथं बाहेर पडायचं की नाही ते निदान माझ्या हातात होतं. इथं मी पाण्यात उभा होतो आणि बाहेर माझा माणूस होता. मी त्या अंधुक उजेडात नावं घेतली. गणपत. मारुती. रामू. सगळे 'जी' म्हणाले. बिराचं नाव घेतलं. म्हातारीला ऐकू आलं नाही, तरी तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

आवाज कमी झाला तसं आम्ही बाहेर आलो. सोंड काळी पडली होती. जमीन बुटांतून भाजत होती. खेचरं उभी होती. एकाच्या पुठ्ठ्यावरचे केस जळले होते, बाकी धड. थोड्या वेळानं वारा फिरला. समुद्राकडून थंड झुळूक आली आणि धूर सड्याकडं परत गेला. तोच वारा सकाळी असता तर आग मानेपर्यंत आलीच नसती.

खेचरांच्या घोळक्यात दोन रेडकं उभी होती. कान भाजलेले. गळ्यात दाव्याचे कापलेले तुकडे.

बिरा आम्हाला घर आणि टाकं यांच्या मध्ये सापडला. पालथा होता. तिसरं रेडकू त्याच्या अंगाखाली होतं, तेही गेलं होतं. त्याचं दावं बिराच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. रेडकू भिऊन बसलं असणार आणि तो त्याला ओढून आणत असणार. जीव धुरानं गेला होता, असं डॉक्टरनं नंतर सांगितलं. मी दावं सोडवलं. बाबू शेजारी बसला आणि त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून बिराच्या तोंडावर घातलं.

आग विझली तरी आमची सुटका झाली नाही. मानेवर गठ्ठ्यांच्या थप्प्या आतून धुमसत होत्या. दाबलेलं गवत लवकर जळून जात नाही. पलीकडं जायला तेवढीच वाट, आणि ती लाल निखाऱ्यांनी भरलेली. संध्याकाळी पलीकडून सुभेदार साहेबांचा आवाज आला. माणूस दिसत नव्हता.

"यशवंत!"

"जी, साहेब!"

"किती?"

"एक, साहेब. लान्सनायक बिरा."

मग साहेब म्हणाले, "काय पाहिजे?"

"स्ट्रेचर, साहेब. आणि खेचरांना चारा."

बोललो आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय मागितलं. इतके महिने आम्ही गवताशिवाय दुसरं काही केलं नव्हतं, आणि जनावरांपुढं टाकायला एक काडी नव्हती. आम्ही आमच्यातले चणे भिजवून खेचरांना दिले.

बिराला तिथंच अग्नी द्यावा असं गणपत म्हणाला. लाकूड कुठं होतं? जळण्यासारखं जे काही होतं ते सगळं जळलं होतं. बाबू म्हणाला, पुरू या. कुदळ मारली. वीतभरावर जांभा लागला. दुसरीकडं मारली, तिथंही तेच. तो डोंगर जाळू देत नव्हता आणि पुरू देत नव्हता. मग आम्ही त्याला टाक्याजवळ गार दगडावर ठेवलं आणि वाट बघत राहिलो.

म्हातारी त्याच्या उशाशी बसून राहिली. ओल्या हातानं त्याच्या कपाळावरची राख पुसायची, थोड्या वेळानं पुन्हा पुसायची. मला तिनं विचारलं, "ह्येच्या आईचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. चार वर्षं एका ताटात जेवलो होतो. बापाचं माहीत होतं, आईचं कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेसच्या लोकांनी निखारे फावड्यांनी कड्याखाली लोटून वाट केली. आम्ही बिराला खाली नेलं. बाबूनं पुढचा खांदा शेवटपर्यंत सोडला नाही. कोयनेच्या काठावर साहेबांनी सलामी देवविली आणि आम्ही त्याला अग्नी दिला. पुढं धरण झालं, तो काठ आता पाण्यात आहे. वरची सोंड तशीच आहे. दर पावसाळ्यात तिथं गवत येतं.

झोऱ्यांनी पावसाच्या आत नवं खोपट उभं केलं. कंपनीनं बांबू दिले, आम्ही हात लावला. लढाई संपली. मी आणखी काही वर्षं नोकरी केली. मेलेल्यांची नावं कोरलेले दगड मी खूप ठिकाणी बघितले. बिराचं नाव मला कुठंच दिसलं नाही. तो लढाईत गेला नव्हता, ड्यूटीवर गेला होता, आणि ड्यूटी गवताची होती. म्हणून मी त्याचं नाव मोठ्यानं घेतो. लान्सनायक बिरा, खेचर कंपनी, राहणार आटपाडीजवळ.

रजा मिळाल्यावर मी त्याच्या घरी गेलो होतो. आटपाडीच्या पुढं कोसभर चालत. सगळीकडं उघडं माळरान, बाभळीची चार झाडं. त्याचा बाप मेंढरं घेऊन लांब गेला होता. घरी आई होती आणि बायको. आईचं नाव मी आधी विचारून घेतलं. बनाबाई. मग जे झालं ते सगळं सांगितलं, डोंगर कसा, गवत कसं, घर कुठं, टाकं कुठं. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माझं सांगून झालं. मी पाणी प्यालो. उठायला लागलो तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"शेवटाला ते येकटंच हुतं का, दादा?"

मी तिच्याकडं बघितलं. खोटं सांगायची गरज नव्हती.

"न्हाई, बाई," मी म्हणालो. "जनावर हुतं जवळ."

तिनं मान हलवली, आणि आईकडं बघून पुन्हा एकदा हलवली.